चूक समोरच्याची, गाडी तुमची: सिडनीत अपघातानंतरचा विमा आणि दुरुस्ती

भारतातून आलेल्याला न्यू साउथ वेल्समध्ये गाडी चालवणं फारसं परकं वाटत नाही. स्टिअरिंग उजवीकडे, गाडी रस्त्याच्या डाव्या बाजूने. परका असतो तो इथला विमा, आणि ते कळतं ते कुणीतरी मागून येऊन ठोकल्यावर.

भारतात सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीत समोरच्याच्या गाडीचं नुकसानही येतं, खासगी कारला साडेसात लाखांपर्यंत. इथे रेगोसोबत (गाडीच्या नोंदणीसोबत) सक्तीने घ्यावी लागणारी ग्रीन स्लिप, म्हणजे सीटीपी (कम्पल्सरी थर्ड पार्टी), फक्त माणसांच्या दुखापतीसाठी असते. गाडीच्या नुकसानीसाठी तिच्यातून एक डॉलरही मिळत नाही. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भरून देणारी थर्ड पार्टी प्रॉपर्टी आणि आपली गाडीही भरून देणारी कॉम्प्रिहेन्सिव्ह, या दोन्ही पॉलिसी ऐच्छिक आहेत. म्हणजे तुम्हाला ठोकणारा माणूस कायद्याने पूर्ण बरोबर असेल, रेगो चालू, ग्रीन स्लिप चालू, आणि तरीही तुमच्या गाडीसाठी त्याच्याकडे कोणताही विमा नसेल. म्हणून नवीन आलेल्या प्रत्येकाला आमचं पहिलं सांगणं हेच असतं: गाडी जुनी असली तरी निदान थर्ड पार्टी प्रॉपर्टी घ्या, आणि गाडी पुन्हा विकत घ्यायची ऐपत नसेल तर कॉम्प्रिहेन्सिव्हच घ्या.

रस्त्यावरची पहिली दहा मिनिटं

कुणाला लागलं असेल, रस्ता अडला असेल, समोरचा प्यायलेला वाटत असेल किंवा नाव-पत्ता द्यायला नकार देत असेल, तर ००० (इथला आणीबाणीचा नंबर) लावा. यातलं काही नसेल तर पोलीस बहुधा येणार नाहीत. आपल्याकडच्यासारखा पंचनामा होण्याची वाट बघत थांबू नका. नोंद करायची असेल तर १३१ ४४४ या पोलीस असिस्टन्स लाइनवर होते. तिथे मिळणारा इव्हेंट नंबर लिहून ठेवा, विमा कंपनी तो विचारते. समोरचा न थांबता निघून गेला असेल तर ही नोंद केलीच पाहिजे.

पोलीस नसल्यामुळे पुरावा तुम्हालाच गोळा करायचा असतो. समोरच्याचं नाव, पत्ता, रेगो नंबर आणि गाडी दुसऱ्याची असेल तर मालकाचं नाव, एवढं देणं त्याच्यावर कायद्याने बंधनकारक आहे. नुसती नंबर प्लेट पुरत नाही. तुमची चूक नसताना एक्सेस (क्लेममध्ये आपल्या खिशातून भरायचा ठरलेला हिस्सा) माफ व्हायला बहुतेक पॉलिसींची अट असते की चूक करणाऱ्याचं नाव आणि पत्ताही तुम्ही द्यायला हवा. तो नसेल तर निर्दोष असूनही सातशे-आठशे डॉलरचा एक्सेस तुमच्या माथी बसू शकतो. लायसन्सचा फोटो घ्या. डिजिटल लायसन्स दाखवलं तर स्क्रीनवर पत्ता दिसतोय ना ते बघा. तोच पत्ता आताचा आहे का विचारा, कारण विद्यार्थी आणि भाडेकरू सारखी घरं बदलतात. फोन नंबर घेतला की तिथल्या तिथे लावून बघा. गाडी राइडशेअरची, डिलिव्हरीची किंवा भाड्याची आहे का तेही विचारा, त्यावर पुढे कोणती कंपनी पैसे देणार हे ठरतं.

सुरक्षित असेल तर गाड्या हलवण्याआधी लांबून फोटो काढा: दोन्ही गाड्या, लेनच्या रेषा, सिग्नल, गिव्ह वेची पाटी, फुटलेल्या काचेचे तुकडे कुठे पडलेत. मग जवळून. राउंडअबाउटवरच्या किंवा लेन बदलतानाच्या अपघातात दोघेही स्वतःला बरोबर म्हणतात, तिथे हे लांबचे फोटोच निकाल लावतात. मागून ठोकल्यावर सहसा मागच्याचीच चूक धरतात, पण "त्याने रिव्हर्स घेतला" असं सांगणारेही भेटतात. डॅशकॅम असेल तर फाइल लगेच लॉक करा, नाहीतर पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये ती पुसली जाते. थांबलेल्या साक्षीदाराचं नाव आणि नंबर घ्या. तुम्हाला लागलं नाही ना, असं आपुलकीने जरूर विचारा, पण चूक कोणाची यावर रस्त्यात वाद घालू नका आणि काही कबूलही करू नका.

"विम्यात नको जाऊया, मी रोख देतो" असं समोरचा म्हणाला, तरी वरची सगळी माहिती घ्याच. प्लास्टिकच्या बंपरवर नुसता ओरखडा दिसतो आणि आतला रिइन्फोर्समेंट बार, पार्किंग सेन्सरची वायर, बूटच्या (डिक्कीच्या) तळाचा पत्रा वाकलेला असतो. गाडी उघडल्याशिवाय रक्कम ठरवणं म्हणजे स्वतःचं नुकसान करून घेणं.

गाडी चालण्याजोगी नसेल तर टो ट्रक. गाडी कुठे न्यायची हे तुम्ही ठरवायचं असतं आणि ते टोइंग ऑथोरायझेशन फॉर्मवर लिहिलेलं असतं. ती जागा रिकामी ठेवून सही करू नका. सहीच्या आधी आपल्या विमा कंपनीला फोन करा, त्या चोवीस तास घेतात. अनोळखी यार्डात गेलेल्या गाडीवर रोजचं स्टोरेज भाडं चढत राहतं, आणि ते कोणी भरायचं यावर पुढे भांडण होतं. टो ड्रायव्हरने दुरुस्तीचे किंवा भाड्याच्या गाडीचे कागद पुढे केले तर त्यांवर रस्त्यात सही करायची काहीच गरज नसते.

पैसे कुठून येणार

तुमच्याकडे कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल तर आपल्याच कंपनीकडे क्लेम लावा. "चूक त्याची, मग मी माझा विमा का वापरू?" हा प्रश्न आपल्या लोकांकडून हमखास येतो. कारण असं की तुमची कंपनी गाडी दुरुस्त करून देते आणि वसुलीसाठी समोरच्याच्या मागे स्वतः लागते. समोरच्याकडे विमा नसला तरी तुमचं काम अडत नाही. फोनवर तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या: एक्सेस आत्ता भरावा लागेल का, आणि लागला तर परत कधी मिळेल, दुरुस्ती होईपर्यंत भाड्याची गाडी पॉलिसीत आहे का, किती दिवस, दुरुस्ती कुठे करायची हे मी निवडू शकतो का. क्लेम लावल्यानंतर समोरच्याशी परस्पर तडजोड करू नका. त्याच्या कंपनीचं पत्र आलं तर सही न करता आपल्या कंपनीकडे पाठवा.

कॉम्प्रिहेन्सिव्ह नसेल तर समोरच्याच्या विमा कंपनीकडे जायचं. इथे एक मोठा सापळा आहे. सर्व्हिस एनएसडब्ल्यू या राज्य सरकारी सेवेच्या रेगो चेकमध्ये नंबर टाकला की विमा कंपनीचं नाव दिसतं, पण ते सीटीपी कंपनीचं असतं. गाडीच्या नुकसानीचा विमा दुसऱ्याच कंपनीत असू शकतो किंवा नसूही शकतो. त्यामुळे हे नाव समोरच्याकडूनच, शक्यतो क्लेम नंबरसह, घ्यावं लागतं.

दुसरी अडचण अशी की तो स्वतः क्लेम लावत नाही, एक्सेस वाचवायला गप्प बसतो, आणि त्याची कंपनी म्हणते, आमच्या ग्राहकाने कळवल्याशिवाय आम्ही पुढे जाऊ शकत नाही. अशा वेळी लक्षात ठेवा, तुमचं नुकसान भरून देण्याची जबाबदारी कायद्याने त्या ड्रायव्हरची आहे. विमा कंपनी फक्त त्याच्या वतीने भरते. शक्यतो दोन दुरुस्तीवाल्यांकडून लेखी कोट घ्या आणि ड्रायव्हरला लेटर ऑफ डिमांड, म्हणजे भरपाईची लेखी मागणी, पाठवा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, चूक त्याची का, रक्कम, कोट आणि फोटो जोडलेले, उत्तराला १४ दिवस, आणि "विमा असेल तर हे पत्र तुमच्या कंपनीला द्या" ही ओळ. बहुतेक वेळा ही ओळच काम करते. नाहीच केलं तर लोकल कोर्टाच्या स्मॉल क्लेम्स विभागात २०,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. मुदत सहा वर्षांची आहे, पण इतकं थांबू नका, माणसं देश सोडून जातात.

समोरच्याकडे विमाच नसेल आणि तुमच्याकडे थर्ड पार्टी प्रॉपर्टी असेल, तर आपली पॉलिसी काढून त्यात अनइन्शुअर्ड मोटरिस्टचं कलम शोधा. बऱ्याच पॉलिसींत तुमच्या गाडीला साधारण ३ ते ५ हजार डॉलरपर्यंत भरपाई असते, समोरच्याची ओळख पटली असेल तर. अनेकांना हे कलम आपल्याकडे आहे हेच माहीत नसतं.

आपल्या कंपनीशी मतभेद झाला तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार करा. ३० दिवसांत समाधानकारक उत्तर नाही मिळालं तर ऑस्ट्रेलियन फायनान्शियल कम्प्लेंट्स ऑथोरिटी, म्हणजे आफ्का, फुकटात निवाडा करते. आफ्काने दिलेला निर्णय तुम्ही मान्य केला की कंपनीवर बंधनकारक होतो. इंग्रजीत अडचण असणाऱ्या आई-वडिलांसाठी टिस या सरकारी दुभाषी सेवेच्या १३१ ४५० वर मराठी दुभाषी मागता येतो.

"फुकट" भाड्याची गाडी

चूक तुमची नसेल तर तुम्हाला फुकट गाडी देऊ, असं सांगणाऱ्या कंपन्या आहेत. हा धंदा कायदेशीर आहे. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हाय कोर्टाने (हेच इथलं सर्वोच्च न्यायालय) अर्सलान विरुद्ध रिक्सन खटल्यात सांगितलं की निर्दोष मालकाला साधारण तशाच दर्जाच्या गाडीचं वाजवी भाडं वसूल करता येतं. पण करार नीट वाचा. भाडं तुमच्या नावावर चढतं आणि कंपनी ते समोरच्याकडून तुमच्या नावाने वसूल करते, गरज पडली तर कोर्टात, आणि तेव्हा तुम्हाला साक्ष द्यावी लागते. तुमचीच चूक ठरली किंवा तुम्ही सहकार्य केलं नाही तर बिल तुमच्याकडे वळू शकतं. चूक निर्विवाद असेल, समोरच्याचा विमा पक्का असेल आणि गाडीची खरी गरज असेल, तर घ्यायला हरकत नाही. तपशील संदिग्ध असेल तर घेऊ नका. घरात दुसरी गाडी उभी असेल तर तेही आधीच सांगा.

दुरुस्ती

कंपनीने ठरवलेल्या दुरुस्तीवाल्याकडे गेलात तर त्या कामाची हमी बहुधा कंपनीच देते, तुमच्याकडे गाडी असेपर्यंत. स्वतःचा पॅनेल बीटर (बॉडी दुरुस्त करणारा) निवडायचा असेल तर पॉलिसीत ती मुभा आहे का ते आधी बघा. पहिला कोट क्वचितच शेवटचा असतो. बंपर काढल्यावर आतलं नुकसान दिसतं, मग जादा कामाची मंजुरी मागितली जाते आणि आठवडाभर गाडी तशीच उभी राहते. पार्ट बाहेरच्या देशातून यायचा असेल तर आणखी वेळ. म्हणून "कधी मिळेल" यापेक्षा "सगळी मंजुरी आली का, सगळे पार्ट आले का" हे विचारा.

नव्या गाड्यांत बंपरमागे रडार आणि काचेवर कॅमेरा असतो. ते काढून बसवले की कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी) लागतं. नाही केलं तर ऑटोमॅटिक ब्रेक चुकीच्या वेळी लागतो किंवा लागतच नाही. कॅलिब्रेशनचा रिपोर्ट लेखी मागून घ्या. गाडी परत घेताना उन्हात उभी करून रंग जुळतो का बघा, दारं आणि बूट यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का बघा, बूटचा गालिचा उचलून सील नीट आहे का तपासा. सैल सीलमधून पाणी शिरलेलं पहिल्या मोठ्या पावसात कळतं.

लहान मुलांची सीट विसरू नका. जोराच्या धक्क्यानंतर ती वरून धड दिसली तरी बदलायची असते, मूल त्या वेळी सीटमध्ये बसलेलं नसलं तरीही. बऱ्याच पॉलिसी तिचे पैसे देतात, पण मागावे लागतात. सीटचा गाडीतच बसवलेला फोटो आणि पावती ठेवा.

गाडी राइट-ऑफ, म्हणजे दुरुस्त करण्यापलीकडची, ठरली तर तुमची कंपनी पॉलिसीप्रमाणे ठरलेली किंमत अथवा बाजारभाव देते, समोरच्याची कंपनी फक्त बाजारभाव. सांगितलेला आकडा कमी वाटला तर तेच मॉडेल, तेच वर्ष, तितकेच किलोमीटर असलेल्या चार-पाच गाड्यांच्या जाहिराती जोडून उत्तर द्या. पहिला आकडा बऱ्याचदा वाढतो. कर्ज असेल तर आधी फायनान्स कंपनीचे पैसे जातात. उरलेल्या रेगोचं काय, तेही विचारा. राइट-ऑफ गाडी स्वस्तात घेऊन दुरुस्त करायचा बेत करू नका, कारण मोजके अपवाद सोडले तर या राज्यात तिची रेगो पुन्हा होत नाही.

दुखापत

मान आणि पाठ बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी धरते. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जा आणि अपघाताचा उल्लेख नोंदीत करायला सांगा. हा क्लेम ठोकणाऱ्या गाडीच्या सीटीपी कंपनीकडे जातो, आणि इथे मात्र रेगो चेकमधलं ते नाव कामाला येतं. बुडालेला पगार अपघाताच्या दिवसापासून मिळायचा असेल तर २८ दिवसांच्या आत अर्ज करा. एरवी मुदत तीन महिने. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आई-बाबांनाही क्लेम करता येतो. शंका असेल तर सीटीपी असिस्ट, १३०० ६५६ ९१९. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात हेच काम टीएसी ही सरकारी संस्था करते आणि तिथे मुदत एक वर्षाची आहे.

पुढच्या वर्षी कंपनी बदलायची असेल तेव्हा अर्जात गेल्या काही वर्षांतले सगळे क्लेम विचारतात, चूक नसलेलेही. ते लपवू नका. "चूक माझी नाही, एक्सेस घेतला नाही" असं लिहिलेलं क्लेम बंद झाल्याचं पत्र आपल्या कंपनीकडून मागून घ्या आणि पॉलिसीच्या कागदांबरोबर ठेवा.