पिवळं झालं म्हणजे चिकटलं, असं नाही

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी एका दुपारी मी ९६ वेलची (छोट्या खळग्यांची) प्लेट हातात धरून लॅबभर मिरवत होतो. पेप्टाइड चिकटला की वेल पिवळी होते, अशी ही चाचणी; आणि माझी एकूण एक वेल पिवळीधमक. फेजवरचे (फेज म्हणजे जिवाणूंना लागणारा विषाणू) माझे पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या, कॉलऱ्याच्या विषाला (टॉक्सिनला) चिकटले, असं मी धरूनच चाललो होतो. सरांनी प्लेट उजेडाकडे धरली आणि एवढंच विचारलं, "टॉक्सिन न लावलेला कॉलम कुठाय?"

तो मी लावलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लावला, तर तोही तितकाच पिवळा. माझे पेप्टाइड चिकटत होते ते प्लेटच्या प्लॅस्टिकला! क्रम पाहिला तर बारा अमिनो आम्लांपैकी तीन ट्रिप्टोफॅन. पाण्याशी न पटणारी असली अमिनो आम्लं आणि प्लेटचं पॉलिस्टायरीन यांचं चांगलंच सूत जमतं. दीड महिना पाण्यात गेला.

या कामात नव्याने येणार असाल तर आधी विष कसं चालतं ते नीट समजून घ्या. जंतू गाळून टाकलेल्या नुसत्या द्रवानेही सशाच्या आतड्यात पाणी साठतं, हे शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कलकत्त्यातून दाखवलं. त्या विषाचा बी भाग म्हणजे पाच तुकड्यांचं कडं. ते आतड्याच्या पेशीवरच्या जीएम१ला (साखर जोडलेल्या एका चरबीच्या रेणूला) धरतं आणि मग ए भाग आत शिरून गोंधळ घालतो. आपल्याला ती पकड अडवायची असते. एकटा बी भाग विषारी नसतो, म्हणून हात बसेपर्यंत त्याच्यावरच काम करा. पहिल्या महिन्यात अख्खं टॉक्सिन हाताळायला मागणं हे धाडस नव्हे, उतावीळपणा आहे.

दुसरा फटका मला जास्त लागला. प्लॅस्टिकवाले बाद करून एक खरा पेप्टाइड हाती आला. फेजवर असताना झकास चिकटायचा, पण सुटा बनवून घेतला तर काही केल्या पकड घेईना. कारण साधं होतं. आमच्या लायब्ररीत (वेगवेगळे पेप्टाइड वागवणाऱ्या फेजच्या साठ्यात) एकेका फेजच्या टोकावर त्याच पेप्टाइडच्या पाच प्रती असतात. पाच हातांनी धरणं वेगळं आणि एका हाताने वेगळं. त्यात समोर जीएम१, ज्याची पाच ठिकाणची पकड नॅनोमोलरमधली, म्हणजे फारच घट्ट.

यावरची वाट अँथ्रॅक्सच्या विषावर काम करणाऱ्यांनी दाखवून ठेवली आहे. २००१ मध्ये हार्वर्डच्या जॉन कॉलियर यांच्या गटाने असाच एक कमकुवत पेप्टाइड घेतला, त्याच्या अनेक प्रती एका लांब पॉलिमरला जोडल्या आणि त्याने उंदीर वाचवले. मी लायसिन या अमिनो आम्लाच्या फांद्यांवर चार प्रती बसवल्या. जीएम१ लावलेल्या प्लेटवर बी भाग आणि माझा पेप्टाइड एकत्र टाकला. या प्रयोगात रंग येतो तो बी भाग जीएम१ला चिकटला की, म्हणून वेल फिकी पडली तरच जिंकलो. पडली, पण हवी तितकी नाही.

पेप्टाइड स्वतःच्या हाताने एकदा तरी बनवाच. प्रत्येक अमिनो आम्ल जोडलं की साखळी ज्यांच्यावर वाढते त्यातले चार मणी काढून निनहायड्रिन या रसायनात गरम करायचे. निळे झाले म्हणजे जोडणी अर्धवट, पुन्हा करा. कंटाळून ही पायरी गाळलीत तर शेवटी एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) एका शिखराऐवजी डोंगररांग दिसते. वस्तुमान ५६ डाल्टनने जास्त आलं तर बनवताना संरक्षणासाठी लावलेला ब्यूटाइल गट कुठेतरी चिकटून राहिलाय. आणि पेशींवर टाकण्याआधी उरलेलं टीएफए (पेप्टाइड मण्यांवरून सोडवायला वापरलेलं आम्ल) घालवा, नाहीतर पेशी त्यानेच मरतात आणि आपण पेप्टाइडला दोष देत बसतो.

हल्ली संगणकावर आराखडा काढता येतो आणि काढावाही. पण बारा अमिनो आम्लांची सुटी साखळी पाण्यात वळवळत असते, पडद्यावरचं देखणं चित्र ती वळवळ दाखवत नाही.

नेट-जेआरएफ (संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा) झाल्यावर पीएचडीच्या मुलाखतीला गेलात तर आधी तिथल्या सीनियरना गाठा. पेप्टाइड इथेच बनतो की बाहेरून मागवता, आणि मागवला तर किती आठवडे लागतात, हे विचारा. तुमचं पहिलं वर्ष कसं जाणार ते या उत्तरावर बरंचसं ठरतं.