मेमरी बॅरियर काढताय? फाइल टेबलातल्या या चुका टाळा

प्रोसेसर आणि कंपायलर वेगासाठी मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम बदलू शकतात. हवा तो क्रम राखणारी कोडमधली ओळ म्हणजे मेमरी बॅरियर. तो काढायचा पॅच, म्हणजे कोडमधला छोटा बदल, दिसायला अगदी सोपा असतो. एक ओळ खोडायची, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बिल्ड करायचं, मशीन बूट झालं की काम झालं असं वाटतं. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका खोलीत आम्ही काही जण रविवारी लिनक्स कर्नलचा कोड वाचत बसतो. आमच्यातल्या दोन पोरांनी असाच पॅच आणला होता. 'फाइल.सी' मधल्या एफडी_इन्स्टॉल या फंक्शनातला रीड बॅरियर, म्हणजे वाचनांचा क्रम राखणारा एसएमपी_आरएमबी, त्यांना फालतू वाटला. पुढं पाठवण्याआधी तो सगळ्यांनी मिळून उलगडून बघितला, हे बरं झालं.

आधी तिथं काय चालतं ते बघू. प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या, उघड्या फाइलींचं टेबल 64-बिट मशीनवर सुरुवातीला 64 जागांचं असतं. जागा संपल्या की एक्सपांड_एफडीटेबल मोठं टेबल घेतं, जुन्यातल्या नोंदी त्यात उतरवतं आणि पॉइंटर, म्हणजे टेबलाचा पत्ता, नव्या टेबलाकडे वळवतं. हे काम सुरू असेपर्यंत रिसाइज_इन_प्रोग्रेस हा फ्लॅग, म्हणजे काम चालू असल्याची खूण, वर असतो. एफडी_इन्स्टॉल आधी फ्लॅग बघतं. तो खाली असेल तर लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) न घेताच टेबलाचा पॉइंटर वाचून त्यात फाइल नोंदवतं. फ्लॅग आणि पॉइंटर या दोन वाचनांच्या मध्ये तो रीड बॅरियर आहे. त्याचा जोडीदार, म्हणजे मेमरीत लिहिण्याचा क्रम राखणारा राइट बॅरियर, एक्सपांड_एफडीटेबलच्या शेवटी आहे.

पोरांचं पहिलं म्हणणं असं की टेबल वाढवताना फाइल_लॉक हातात असतंच, मग बॅरियर कशाला? लॉक आहे, पण एकाच बाजूला. वाचणारा ते घेतच नाही, आणि ज्यानं लॉक घेतलं नाही त्याला त्या लॉकचा क्रम लागू होत नाही. दोन्ही बाजू एकाच लॉकखाली आहेत याची खात्री करूनच हे कारण द्यावं.

दुसरं म्हणणं जास्त फसवं आहे. आरसीयू ही लॉकशिवाय वाचू देणारी कर्नलची पद्धत. टेबलाचा पॉइंटर वळवणाऱ्या तिच्या आरसीयू_असाइन_पॉइंटरमध्ये रिलीज ही क्रमाची हमी आहेच, मग खालचा राइट बॅरियर जादाचा नाही का? नाही. रिलीज आपल्या आधीच्या नोंदी, म्हणजे मेमरीतलं लिखाण, आधी पोचवतो. त्याच्या नंतरची नोंद पुढं सरकणार नाही, ही हमी तो देत नाही. इथं पॉइंटर आधी आणि फ्लॅग नंतर दिसायला हवा, आणि तेवढं काम त्या राइट बॅरियरकडे आहे. ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून आता प्रत्येक बॅरियरपाशी थांबून विचारतो: हा नेमक्या कोणत्या दोन नोंदींच्या मध्ये आहे?

रीड बॅरियर काढल्यावर प्रोसेसर पॉइंटर आधीच वाचून ठेवू शकतो. तो जुन्या टेबलाचा निघतो, तेवढ्यात टेबल बदलतं, मग फ्लॅग खाली दिसतो आणि फाइल टाकून दिलेल्या टेबलात नोंदवली जाते. प्रोग्रॅमला ओपनकडून नंबर मिळालेला असतो, पण तोच नंबर रीडला दिला की 'बॅड फाइल डिस्क्रिप्टर'. असा बग कधीतरीच येतो, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

तिसरी चूक तपासणीतली. एक्स86 वर, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, एसएमपी_आरएमबी आणि एसएमपी_डब्ल्यूएमबी (राइट बॅरियर) यांच्यासाठी प्रोसेसरची एकही सूचना निघत नाही, त्यांचा लगाम फक्त कंपायलरला असतो. त्यामुळं 'माझ्या लॅपटॉपवर चाललं' याला अर्थ नाही, आणि 'वेग वाढला' यालाही नाही. लॅपटॉपवरच क्यूएमू या नकली मशीन उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आर्म64 हा वेगळ्या जातीचा प्रोसेसर चालवला तरी खालचा प्रोसेसर एक्स86 च असतो, वाचनांची उलथापालथ तिथं दिसत नाही. खरं आर्म बोर्ड घ्या. टेस्टमध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रॅमची समांतर चालणारी कामं, हवेत, आणि दर फेरीला नवी प्रोसेस सुरू करून 64 च्या पुढं फाइली उघडायला हव्यात, कारण एकदा वाढलेलं टेबल परत लहान होत नाही.

मोजमापाबद्दल एक सोलापुरी अनुभव. मे महिन्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो. पंख्याविना ठेवलेला रास्पबेरी पाय हा छोटा आर्म बोर्ड 80 अंशांपुढं गेला की स्वतःचा वेग कमी करतो. पोरांनी दुपारी जुना कर्नल मोजला, रात्री नवा, आणि फरक बघून खूश झाले. व्हीसीजेनकमांड या त्याच्यावरच्या कमांडनं थ्रॉटलिंग, म्हणजे असा कमी झालेला वेग, तपासा, आणि दोन्ही कर्नल आलटून पालटून मोजा.

मग काढण्यासारखे बॅरियर असतात का? असतात. आरसीयू_असाइन_पॉइंटरच्या लगेच वर, त्याच पॉइंटरसाठी लिहिलेला राइट बॅरियर. आकडा एका दमात वाढवणाऱ्या ॲटॉमिक_इंक_रिटर्नला चिकटून आलेला पूर्ण बॅरियर, कारण मूल्य परत देणारी ती क्रिया स्वतःच पूर्ण क्रम राखते. साधं ॲटॉमिक_इंक मात्र राखत नाही, तिथं हात लावू नका. आरसीयू_डीरेफरन्सनं आणलेल्या पॉइंटरमागचा डेटा वाचण्यापूर्वीचा रीड बॅरियरही जातो. पॅचच्या मजकुरात जोडीदार कुठं आहे आणि क्रम आता कोण राखतं हे लिहाच.

शंका राहिली तर लिटमस टेस्ट, म्हणजे क्रम तपासणारा छोटा नमुना, लिहा. कर्नलचं मेमरी मॉडेल, म्हणजे कोणता क्रम शक्य आहे याचे नियम, 2018 मधल्या 4.17 आवृत्तीपासून सोर्समध्येच आहे, 'टूल्स' खाली. हर्ड7 या तपासणाऱ्या प्रोग्रॅमला दोन थ्रेडचा छोटा नमुना दिला की नको असलेला निकाल शक्य आहे का ते कळतं. पोरांच्या मूळ पॅचला उत्तर आलं 'समटाइम्स', म्हणजे तो निकाल कधीकधी शक्य आहे. आता त्यांनी बॅरियर नुसता खोडलेला नाही. फ्लॅग खाली करताना एसएमपी_स्टोअर_रिलीज, वाचताना त्याचा जोडीदार एसएमपी_लोड_ॲक्वायर, आणि दोन्हीकडे एकमेकांचा पत्ता सांगणारी कॉमेंट. त्यावर उत्तर आलं 'नेव्हर', म्हणजे कधीच नाही.