वाडीवर जाणाऱ्या स्वयंसेवकांनो, या चुका टाळा

ठाण्याहून शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील कातकरी या आदिवासी समाजाच्या वाड्यांवर स्वयंसेवकांना घेऊन जाण्याचे काम मी गेली काही वर्षे करीत आहे. दर वर्षी तुकडी नवी असते, चुका मात्र जुन्याच असतात. त्या दुष्टपणातून घडत नाहीत. बहुतेक वेळा घाई नडते.

माझ्या लेखी सर्वांत वाईट चूक म्हणजे पुढे केलेले चहापाणी नाकारणे. एका वाडीवर आजींनी आमच्यासाठी कोरा चहा केला. आमच्यातील एका विद्यार्थ्याने ‘नको, आमचे पाणी आहे’ असे म्हणत बॅगेतून सीलबंद बाटली काढली आणि तिथेच तोंडाला लावली. पोट बिघडण्याची त्याची भीती खरी होती. परंतु ज्यांच्या हातचे पाणी गावाने पिढ्यान्‌पिढ्या टाळले, त्यांना त्या बाटलीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आजींनी उरलेले पेले मुकाट्याने आत नेले आणि दुपारपर्यंत त्या घरातील कोणीही आमच्याशी बोलले नाही. परतीच्या लोकलमध्ये तो मुलगा ‘लोक फारसे मिसळत नाहीत’ अशी नोंद वहीत करीत होता, हे मी अजून विसरलेलो नाही. पोटाची काळजी असेल तर चहा घ्यावा, तो उकळलेला असतो. पहिला घोट मी स्वतः सर्वांदेखत घेतो. बाटली बॅगेतच राहू द्यावी.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे वाडीत शिरताना मोठ्याने ‘सामान सांभाळा रे’ असे म्हणणे. इंग्रजांनी कातकऱ्यांना गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली घातले होते. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी चोरीचा पहिला संशय अजून याच वाड्यांवर घेतला जातो.

पुढची चूक आम्हीच केलेली आहे. एका जानेवारीत आम्ही चाळीस दप्तरे घेऊन गेलो, तर वाडीवर तीन म्हातारी माणसे, बांधून ठेवलेली दारे आणि कुत्री. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असल्यामुळे मुलाबाळांसह वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात, ही साधी गोष्ट आमच्यापैकी कोणीही विचारली नव्हती. शनिवार-रविवार आपल्या सोयीचा, म्हणून तो वाडीच्याही सोयीचा असे आम्ही धरून चाललो होतो. तेव्हापासून निघण्याच्या आठवडाभर आधी मी अंगणवाडीताईंना फोन करतो: वाडीवर कोण आहे, कोणाकडे लग्न किंवा मयत आहे का, आणि आम्ही आलेले चालेल का. ‘या वेळी नको’ असे उत्तर आले, तर जात नाही.

संबोधनाचा घोळही नेहमीचाच. वाडीतील बोलीत वडीलधाऱ्यांनाही ‘तू’ म्हणण्याची रीत आहे. ते कानावर पडताच काही नवशिके स्वतःही म्हाताऱ्या माणसांना एकेरीत हाक मारू लागतात आणि त्याला आपलेपणा समजतात. त्यांचे ‘तू’ त्यांच्या बोलीचे आहे. आपल्या तोंडी ‘तुम्ही’च असावे, सोबत आजी, मावशी, दादा.

विटलेले कपडे वाटू नयेत. जे आपण भावाला देणार नाही ते तेथे नेऊ नये. न विचारता फोटो काढू नयेत, लहान मुलांचे तर नाहीच.

आणखी एक तक्रार. राष्ट्रीय सेवा योजनेचे वर्षाचे १२० तास भरायचे म्हणून येणारे विद्यार्थी पहिल्याच दिवशी सर्वेक्षणाचा अर्ज काढतात आणि घरात किती जण दारू पितात, कर्ज किती, असे विचारत सुटतात. अर्ज भरला की सेवा झाली, ही आडवाट मला मुळीच मान्य नाही. माझ्या तुकडीत पहिल्या दोन फेऱ्यांना कोणाच्याही हाती कागद नसतो. तो तिसऱ्या फेरीला निघतो, आणि तेव्हाही प्रश्न वाडीतील एखादा तरुण किंवा तरुणी विचारते. आपण फक्त लिहून घेतो.