अहवालाची फाईल दरवर्षी का बिघडते? वर्डमधल्या या चुका टाळा

ऑगस्ट उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या टायपिंगच्या दुकानात संस्थांचे सचिव यायला लागतात. दूध संस्था, पतसंस्था, विकास सेवा संस्था, सगळ्यांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा घ्यायची असते आणि त्याआधी अहवाल सभासदांच्या हातात पडायला हवा. "भावा, फाईल तयार आहे. गेल्या वर्षीचीच. नुसते आकडे बदल." हे ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण 'गेल्या वर्षीची' ती फाईल खरं तर १५ वर्षांची असते आणि आजवरच्या प्रत्येक ऑपरेटरनं तिच्यात आपापलं ठिगळ लावलेलं असतं.

फाईल उघडल्यावर मी आधी कंट्रोल, शिफ्ट आणि ८ ही बटणं एकदम दाबतो. स्पेस, टॅब, एंटर, सगळ्यांच्या खुणा पडद्यावर दिसायला लागतात. अध्यक्षांचं नाव उजवीकडं नेण्यासाठी मारलेल्या ६० स्पेस आणि नवीन पान आणण्यासाठी मारलेले २२ एंटर तिथंच सापडतात. मजकुरात एक ओळ वाढली की ते २२ एंटर पुढं सरकतात आणि ताळेबंद अर्ध्या पानावर लोंबकळतो. नवीन पानासाठी कंट्रोल-एंटर, नाव उजवीकडं न्यायला टॅब स्टॉप किंवा बॉर्डर नसलेला तक्ता. जुना कचरा काढायला 'रिप्लेस'च्या खिडकीत 'स्पेशल'मधून पॅराग्राफ मार्क दोनदा घ्या, बदलीच्या रकान्यात एकदा, आणि सापडायचे बंद होईपर्यंत 'रिप्लेस ऑल' दाबत राहा.

पण खरी गोम आहे ऑटोकरेक्टमध्ये, म्हणजे वर्ड टायपिंग आपोआप 'सुधारतो' त्या सोयीत. बऱ्याच संस्थांचं टायपिंग अजून कृतिदेव या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये चालतं. वर्डच्या लेखी कृतिदेवचा मजकूर म्हणजे इंग्रजीच, त्याला फक्त मराठी कपडे घातलेले. त्यामुळं परिच्छेदाचं आणि तक्त्यातल्या प्रत्येक घराचं पहिलं अक्षर तो इमानेइतबारे कॅपिटल करतो. कृतिदेवमध्ये लहान आय म्हणजे प आणि कॅपिटल आय म्हणजे अर्धा प. त्या अर्ध्या प ला पुढचा काना चिकटला की पूर्ण प दिसतो आणि 'पाटील'चा 'पटील' होतो. कदम असतील तर 'क्दम'. क्दम लगेच डोळ्यात भरतो हो, पण पटील निवांत छापून येतो, आणि आपल्या जिल्ह्यातल्या सभासद यादीत पाटील किती असतात ते मी सांगायला नको. 'शेअर भांडवल'चं दुखणं निराळं: श आणि ष अवतरण चिन्हाच्या बटणावर आहेत. वर्ड ते सरळ चिन्ह वळणदार करतो आणि श च्या जागी भलतंच काहीतरी उमटतं.

उपाय एकदाच करायचा. फाईल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स. पहिल्या टॅबमधल्या वाक्याच्या आणि तक्त्याच्या पहिल्या अक्षराच्या खुणा काढा, सुरुवातीची दोन कॅपिटल दुरुस्त करणारी खूणही काढा. 'ऑटोफॉरमॅट ॲज यू टाईप'मधून स्मार्ट कोट्स, म्हणजे ती वळणदार अवतरण चिन्हं, बंद करा. मात्र त्याआधी बिघडलेला मजकूर आपोआप सुधारणार नाही. यादी डोळ्यांनीच तपासावी लागेल.

"मग सगळं सिलेक्ट करून मंगल फाँट लाव की!" हाही एक लाडका सल्ला. लावून बघा, सगळं पान इंग्रजी अक्षरांनी भरेल. कृतिदेवचं युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटर मराठी म्हणूनच ओळखेल असा मजकूर, करायला कन्व्हर्टर प्रोग्रॅमच लागतो. आणि कन्व्हर्टरला मधला पॅन क्रमांक किंवा ईमेलचा पत्ताही कृतिदेवच वाटतो, त्याचाही तो मराठी चिवडा करून देतो. असे तुकडे आधी वेगळ्या कागदावर लिहून ठेवा आणि नंतर हातानं भरा. माझं मत विचाराल तर एकदा हा त्रास सोसून फाईल युनिकोडमध्ये आणावीच. पुढच्या वर्षी मजकूर शोधता येतो, व्हॉट्सॲपवर टाकता येतो.

युनिकोडमध्ये आल्यावर नवीन तक्रारी सुरू होतात. फाँट बदलला तरी मराठी अक्षर बदलत नाही, आकार वाढवला तर फक्त इंग्रजी वाढतं. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'मध्ये धरतो. तिचा फाँट, आकार आणि ठळकपणा वेगळा साठवतो. कंट्रोल-डी दाबून उघडणाऱ्या खिडकीत 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या चौकटीत बदल करा. अजून चांगलं म्हणजे 'नॉर्मल' स्टाईलमध्येच करा, म्हणजे पानोपानी फिरावं लागणार नाही. नवीन कॉम्प्युटरवर मंगल दिसतच नसेल तर घाबरू नका. विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पुरवणी फाँटांत गेलाय, सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समधून मिळतो.

वेलांट्या आणि रफार वरून छाटल्यासारखे दिसतात? लाईन स्पेसिंग 'एक्झॅक्टली' असणार. कुणीतरी पान वाचवायला ओळी आवळलेल्या असतात. 'ॲट लीस्ट' किंवा 'मल्टिपल' करा, मात्रांना श्वास घेऊ द्या.

आणि जोतिबाच्या 'पायर्या' लिहू नका. पायऱ्यांमधला र वेगळा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे नं ऱ येतो, त्यापुढं हलन्त आणि य. दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. गगनबावड्याच्या सहलीच्या पत्रकात ही चूक फार हसवते.

सचिव मंडळींसाठी एक खास गोष्ट. बदल सुचवताना ट्रॅक चेंजेस, म्हणजे खोडलेलं-लिहिलेलं सगळं नोंदवून ठेवणारी सोय, चालू राहते आणि कुणीतरी त्या खुणा नुसत्या दिसेनाशा करतं. दिसत नाही म्हणजे गेलं असं नाही. एका संस्थेची फाईल सभासदांच्या ग्रुपवर अशीच गेली आणि लाभांशाचा खोडलेला आकडा सगळ्यांनी वाचला. सभा जोरदार झाली म्हणतात. पाठवण्याआधी 'ॲक्सेप्ट ऑल चेंजेस' करा आणि पीडीएफच द्या.

वर्डच उघडत नसेल, उघडताच अडकत असेल, तर कंट्रोल धरून त्याच्या आयकॉनवर क्लिक करा. सेफ मोडबद्दल विचारलं की होय म्हणा. तिथं नीट चालला तर दोष बहुधा एखाद्या ॲड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या जादा प्रोग्रॅमचा, किंवा Normal.dotm या मूळ साच्याचा. ऑप्शन्समधून ॲड-इन एकेक बंद करून बघा. तरी जमलं नाही तर वर्ड बंद करून त्या साच्याच्या फाईलचं नाव बदला, डिलीट करू नका. पुढच्या वेळी वर्ड कोरा साचा स्वतः तयार करतो. तुमच्या जुन्या सवयीच्या सेटिंग्ज त्या नाव बदललेल्या फाईलीत शाबूत राहतात. आमच्या दुकानातल्या एका पोरानं मात्र ती डिलीट केली होती, ऐन २८ सप्टेंबरला.