जुन्या इमारतीच्या आवारात भाजी लावण्यापूर्वी माती कशी पारखावी

मुंबईतील जुन्या चाळीच्या किंवा सोसायटीच्या आवारात भाजीचे वाफे घालायचे ठरले, की पहिली जागा सुचते ती भिंतीच्या कडेची, कारण तेथे दुधीचा किंवा काकडीचा वेल दोरीवर सहज चढवता येतो. चिवट, म्हणजे मातीत दीर्घकाळ टिकून राहणाऱ्या, प्रदूषकांच्या दृष्टीने मात्र आवारातील सर्वांत संशयास्पद माती तीच असते. १९९६ मध्ये बंदी येण्यापूर्वी वाळवी रोखण्यासाठी इमारतीच्या पायाभोवती ऑल्ड्रिन, क्लोरडेन यांसारखी कीटकनाशके ओतण्याची पद्धत होती. ऑल्ड्रिनचे मातीत डिल्ड्रिन होते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. भिंतीवरून खरवडलेल्या जुन्या रंगातील शिसेही तेथेच पडते, आणि शिसे हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याचे विघटन होतच नाही.

तपासणीसाठी भाजी लावायच्या जागी पाच-सहा ठिकाणांहून सुमारे १५ सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती घ्यावी, ती एकत्र कालवावी आणि सावलीत वाळवावी. आवारात लहान मुले खेळत असतील तर वरच्या दोन-तीन सेंटिमीटरचा नमुना वेगळा काढावा, कारण हाताला लागून तोंडात जाते ती याच थरातील माती. नेहमीच्या माती परीक्षणात शिशाची तपासणी होत नाही, ती स्वतंत्रपणे सांगावी लागते. कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी खर्चिक असते. माझ्या मते तो खर्च न करता जुन्या भिंतीलगतची तीन-चार फुटांची पट्टी सरळ वगळावी.

अहवाल हाती आल्यावर नत्र, स्फुरद, पालाश यांच्या आधी सामू (पीएच, तो ७ पेक्षा कमी असल्यास माती आम्ल) आणि सेंद्रिय कर्ब (मातीतील कुजलेल्या सेंद्रिय पदार्थातील कार्बन) हे दोन आकडे पाहावेत. शिशाचे प्रमाण सारखेच असले तरी आम्ल मातीतील शिसे पाण्यात अधिक विरघळते आणि मुळांपर्यंत पोहोचते, सामू ६.५ च्या वर असल्यास ते बरेचसे मातीच्या कणांना बांधलेले राहते. कोकणातून आलेली जांभी लाल माती बहुधा आम्ल असते, तिला थोडा चुना द्यावा. डेब्रिजच्या भरणीवरील मातीत सिमेंट आणि चुना आधीच मिसळलेला असतो, त्यामुळे तेथे सामूचा आकडा न पाहता चुना टाकणे निरर्थक आहे. डिल्ड्रिन आणि डीडीटी यांसारख्या क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचे वागणे निराळे: पाण्यात ती फारशी विरघळत नाहीत, तर मातीतील सेंद्रिय पदार्थाला चिकटून राहतात. सेंद्रिय कर्ब कमी असलेल्या वाळूसर मातीत त्यांना धरून ठेवणारे फारसे काही नसते. म्हणून दोन-तीन इंचांचा कुजलेल्या शेणखताचा किंवा गांडूळखताचा थर मातीत मिसळावा. कचरा जाळलेल्या ढिगाची राख खत म्हणून कधीही घालू नये, कारण कचऱ्यातील पीव्हीसी प्लास्टिक जळताना डायॉक्सिन हे चिवट विषारी द्रव्य तयार होते.

ओलाव्याचा परिणाम दुहेरी असतो. कोरड्या महिन्यांत उघड्या मातीची बारीक धूळ उडून घरात येते, तर माती ओली झाली की खनिजकणांना चिकटलेले कीटकनाशकांचे रेणू पाण्यामुळे सुटतात आणि त्यांची वाफ अधिक होते. पावसाच्या माऱ्याने उडालेले मातीचे कण पालेभाजीच्या पानांवर बसतात, आणि पालक किंवा माठ यांतून पोटात जाणारे शिसे पुष्कळदा याच चिखलातून आलेले असते. पालापाचोळ्याचे आच्छादन वर्षभर ठेवल्यास हे तिन्ही मार्ग बरेच आटतात.

पिकांची निवडही मातीइतकीच महत्त्वाची आहे. काकडी, भोपळा यांसारख्या वेलवर्गीय भाज्या डिल्ड्रिन आणि क्लोरडेन मुळांवाटे इतर भाज्यांपेक्षा अधिक खेचतात, त्यामुळे वेल लावायचाच असेल तर बाहेरून आणलेल्या मातीच्या मोठ्या कुंडीत लावावा. वेल भिंतीवर चढण्यास हरकत नाही, मुळे भिंतीखाली जाऊ नयेत एवढेच. वांगी, टोमॅटो, मिरची यांच्या फळांत शिसे कमी उतरते. मुळा आणि गाजर मात्र सोलूनच खावे. आवारात कोंबड्या मोकळ्या सोडत असाल तर त्यांनाही भिंतीलगतच्या पट्टीपासून जाळी लावून दूर ठेवावे, कारण चरबीत साठणारी ही कीटकनाशके अंड्याच्या बलकात उतरतात.