पॅसिव्ह सोनारमध्ये येताय? आधी नॉईज शिका

इलेक्ट्रॉनिक्स किंवा फिजिक्स करून पाण्याखालच्या ध्वनीकडे वळणारी मराठी मुलं-मुली हल्ली बऱ्यापैकी भेटतात. कुणाला गेटच्या गुणांवर डीआरडीओत जायचंय, कुणाला बीईएल (भारत इलेक्ट्रॉनिक्स) हवंय, कुणी एम.टेक.चा प्रोजेक्ट म्हणून सोनार घेतलाय. त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी सोनारच्या सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करते. कामाचे तपशील इथे येणार नाहीत. पाठ्यपुस्तकांत आणि शोधनिबंधांत जे उघड आहे तेवढंच येईल. सुरुवातीची काही वर्षं निभवायला तेवढं पुरतं.

एफएफटी, सॅम्पलिंग, फिल्टर तुम्हाला येतं असं धरते. पाणबुडीने पिंग सोडला की तिची जागा उघड होते, म्हणून तिचा खरा आधार पॅसिव्ह सोनार, म्हणजे नुसतं ऐकणं, हेही माहीत असेल. सोनारचं समीकरणही तुम्ही पाठ केलेलं असेल: समोरच्या जहाजाचा आवाज, वाटेत होणारी घट, समुद्राचा नॉईज, ॲरेमुळे, म्हणजे हायड्रोफोनच्या (पाण्याखालच्या मायक्रोफोनच्या) रांगेमुळे, मिळणारा फायदा (ॲरे-गेन) आणि डिटेक्शनचा उंबरठा. नवीन माणूस पहिल्या दोन पदांमागे धावतो. घात होतो तो नॉईज आणि ॲरे-गेन यांच्यात.

हे नीट वाचा, कारण मला हे वेळेवर कुणीही सांगितलं नाही आणि त्यात माझे बरेच महिने गेले. सिम्युलेशनमध्ये आपण ३२ हायड्रोफोनची सरळ रांग घेतो. प्रत्येक चॅनलमध्ये वेगळा, स्वतंत्र व्हाइट नॉईज मिसळतो. डिले-अँड-सम करतो, म्हणजे प्रत्येक चॅनलला योग्य तेवढा विलंब देऊन सगळ्यांची बेरीज करतो. १० लॉग ३२ म्हणजे १५ डीबी फायदा हमखास मिळतो, आलेख देखणा येतो, गाइड खूश होतात. पण हे १५ डीबी तुम्हीच आत घातलेले असतात. दोन शेजारच्या हायड्रोफोनना एकमेकांशी काहीही संबंध नसलेला नॉईज ऐकू येतो, हे समुद्राने सांगितलेलं नाही, तुमच्या प्रोग्रॅममधल्या रँडम नंबरच्या ओळीने सांगितलंय.

समुद्रातला नॉईज कुठून तरी येतो. दूरची जहाजं, वारा, लाटा, पाऊस. तोही लहरच असतो, म्हणून जवळजवळच्या दोन हायड्रोफोनवर तो बराचसा सारखाच पोचतो. नॉईज सगळ्या दिशांनी सारखा येतो असं मानलं, तर दोन बिंदूंमधलं कोरिलेशन साइन केडी भागिले केडी इतकं येतं (के म्हणजे २ पाय भागिले तरंगलांबी, डी म्हणजे दोघांमधलं अंतर). अंतर बरोबर अर्धी तरंगलांबी असेल तर ते शून्य. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. म्हणजे १५०० हर्ट्झला तरंगलांबी १ मीटर, आणि हायड्रोफोन अर्ध्या मीटरवर. या एका फ्रिक्वेन्सीला तुमचं गृहीतक खपून जातं, आणि सगळे नेमकी तिथेच चाचणी करतात.

आता तीच रांग १५० हर्ट्झवर वापरा. तरंगलांबी १० मीटर झाली. शेजारच्या दोन हायड्रोफोनमधलं कोरिलेशन ०.९८. सिग्नलसारखाच नॉईजही एकमेकांत भर घालत जातो. १६ मीटरची रांग आता जेमतेम दीड तरंगलांबीची आहे आणि फायदा उरतो ५ डीबीच्या आसपास. ५० हर्ट्झला तर जवळजवळ काहीच नाही. आणि पंप, जनरेटर, गिअरबॉक्स यांच्या ठळक टोनल रेषा, म्हणजे एकाच ठरावीक फ्रिक्वेन्सीचे आवाज, कुठे असतात? याच खालच्या पट्ट्यात.

१० डीबी गेले म्हणजे काय, तेही अंतरात मोजा. गोलाकार पसरण धरली तर पल्ला ३.१६ पटीने घटतो. अहवालात ३० किलोमीटर लिहिलं असेल, तर ते साडेनऊवर येतं. पाणबुडीवरच्या माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, म्हणून मी यावर इतकी अडून बसते.

घाबरू नका, दुरुस्ती सोपी आहे. नॉईजच्या कोव्हेरियन्स मॅट्रिक्समध्ये युनिट मॅट्रिक्सच्या जागी त्या सूत्रातून आलेली मूल्यं भरा. एक संध्याकाळ लागेल. मग त्यात स्वतःच्या पाणबुडीचा नॉईज घाला: मशिनरीची कंपनं हलमधून येतात आणि अनेक चॅनलवर एकदम दिसतात, तर पाण्याच्या प्रवाहाचा नॉईज वेगाबरोबर झपाट्याने वाढतो, पण थोड्याच अंतरापुरता सारखा असतो. हे केलंत की लांबलचक टोड ॲरे पाणबुडीच्या मागे दूरवर का ओढतात, ते आपोआप कळेल. रांग लांब मिळते आणि स्वतःच्या मशिनरीपासून सुटका होते. डावं-उजवं ओळखता येत नाही ही त्याची किंमत; त्यासाठी पाणबुडीला वळण घ्यावं लागतं.

बीमफॉर्मिंगची, म्हणजे असे चॅनल मिळवून एकाच दिशेकडे कान लावण्याची, कल्पना जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवरच्या जीएचजी यंत्रणेत ऑपरेटर चाक फिरवून प्रत्येक हायड्रोफोनच्या वाटेतला विलंब बदलत असे. डिले-अँड-समच, फक्त संगणकाविना. अल्गोरिदमच्या नावावर फार भाळू नका, असं मी म्हणते ते यामुळेच. येणाऱ्या नॉईजप्रमाणे स्वतःला बदलणारा ॲडॅप्टिव्ह बीमफॉर्मर सुंदर दिसतो, पण हायड्रोफोनच्या जागा थोड्या चुकल्या तरी तो हवा असलेला सिग्नलच दाबून टाकतो.

आणि मशीन लर्निंग. डीपशिप, शिप्सइअर यांसारख्या खुल्या रेकॉर्डिंगवर जहाजांचे प्रकार ओळखण्यात ९८-९९ टक्के यश, असे प्रोजेक्ट मी खूप पाहते. पहिला प्रश्न विचारा: एकाच रेकॉर्डिंगचे तुकडे ट्रेनिंगमध्ये आणि टेस्टमध्ये दोन्हीकडे गेलेत का? बहुतेक वेळा गेलेले असतात. मग मॉडेलने जहाज ओळखलेलं नसतं, त्या दिवसाचा समुद्र आणि तो रेकॉर्डर ओळखलेला असतो. विभागणी जहाजानुसार करा. आकडा पडेल, पडू द्या. मुलाखतीत तो पडलेला आकडा समजावून सांगणारा उमेदवार मला जास्त भावतो.

गाइडबद्दल माझं मत ठाम आहे: ज्याने कधी हायड्रोफोन पाण्यात सोडलेला नाही, त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका. प्रयोगशाळेतल्या जुन्या टेक्निशियनशी मैत्री करा. ॲरे पाण्यात सोडण्याआधी प्रत्येक हायड्रोफोनवर पेन्सिलीच्या टोकाने हलकेच टकटक करायची आणि स्क्रीनवर कोणता चॅनल उसळतो ते बघायचं, हे मला अशाच एका काकांनी शिकवलं. सात नंबरला टकटक केल्यावर नऊ नंबर उसळला, तर तुमचा बीमफॉर्मर आयुष्यभर चुकीचं उत्तर देणार. पहिला धक्का वर जातो की खाली, तेही पाहा. एखाद्या चॅनलची पोलॅरिटी उलटी असते.

घरच्या घरी करण्यासारखी एक गोष्ट सांगते. कोकणात ओळखीची मासेमारीची बोट असेल, तर तांडेलाला विचारा: इंजिनाचे फेरे किती, गिअरचं प्रमाण काय, पंख्याला पाती किती? समजा १२०० फेरे, ४ ला १, आणि ४ पाती. शाफ्ट मिनिटाला ३०० म्हणजे ५ हर्ट्झ, पात्यांचा दर २० हर्ट्झ. सहा सिलिंडरचं चार-स्ट्रोक इंजिन असेल तर फायरिंग ६० हर्ट्झला. आता दुसऱ्या होडीतून एका हायड्रोफोनने रेकॉर्ड करा आणि डेमॉन विश्लेषणात (आवाजाच्या चढउतारातली लय शोधण्याच्या पद्धतीत) ५ आणि २० सापडतात का बघा. उथळ खडकाळ पाण्यात २ किलोहर्ट्झच्या वर मोहरी तडतडल्यासारखा आवाज भरलेला असेल. ती स्नॅपिंग श्रिम्प, तुमचं उपकरण बिघडलेलं नाही. मात्र परवानगी घेऊनच. बंदर किंवा नौदलाच्या परिसराच्या आसपास हायड्रोफोन घेऊन अजिबात फिरू नका. तिथे विद्यार्थी असल्याची सबब चालत नाही.

कुठे शिकायचं, हे थोडक्यात. कोचीची एनपीओएल (नेव्हल फिजिकल अँड ओशनोग्राफिक लॅबोरेटरी) ही डीआरडीओची या विषयाची मुख्य प्रयोगशाळा. सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांवरचा उषस सोनार तिथला, आणि तो बनवला बीईएलने. इडुक्कीच्या जलाशयावर कुलमावू इथे त्यांची चाचणीची सोय आहे. कोचीन विद्यापीठाचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग, आयआयटी दिल्लीचं केअर (उपयोजित इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्र), चेन्नईची एनआयओटी (राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था) आणि गोव्यात दोना पावलाची एनआयओ (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था), इथल्या लोकांचे शोधनिबंध वाचा आणि इंटर्नशिपसाठी सरळ ईमेल करा. पहिल्या मेलला उत्तर येईलच असं नाही. महिन्याने पुन्हा लिहा आणि सोबत ३२ हायड्रोफोनचे दोन आलेख जोडा: एक व्हाइट नॉईजचा, एक कोरिलेटेड नॉईजचा, दोन्ही १५० हर्ट्झला. खाली दोन ओळींत फरक का पडला ते लिहा. रिझ्युमेमधल्या कोर्सच्या यादीपेक्षा ते पान आधी वाचलं जाईल.