दादाच्या पॅरोलची हजेरी: माझा अनुभव

दादा तुरुंगात शिक्षा भोगतोय. आईच्या आजारपणामुळे त्याला पॅरोल, म्हणजे काही दिवसांची रजा, मिळाला आणि तो कळव्याला घरी आला. दुसऱ्याच दिवशी पोलीस चौकीवर सांगितलं, रोज हजेरी लाव आणि मोबाईलचं लाइव्ह लोकेशन चोवीस तास चालू ठेव. दादा मान खाली घालून हो म्हणाला. आईला दवाखान्यात न्यायचं की हजेरीला धावायचं, हेच त्याला कळेना.

मी पॅरोलच्या आदेशाची प्रत काढली. हजेरी आठवड्यातून एकदा, एवढंच लिहिलं होतं. लोकेशनचा उल्लेखच नाही. त्या ओळीखाली मी पेन्सिलने रेघ मारली आणि ठाणे न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठलं. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने मोफत वकील मिळतो, म्हणून तिथेच आधी विचारलं. वकील ताई म्हणाल्या, "पॅरोल म्हणजे सुटका नव्हे, आदेशातल्या अटी पाळायच्याच. पण आदेशात नसलेली अट कुणी तोंडी वाढवू शकत नाही."

त्यांनी अर्ज लिहून दिला. सोबत सर्वोच्च न्यायालयाचा ८ जुलै २०२४ चा निकाल जोडला: आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या खासगीपणाच्या हक्काचा भंग करते. निकाल जामिनाचा आहे, पॅरोलचा नाही, हे त्यांनी अर्जात स्पष्ट लिहिलं. मला ते फार आवडलं.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच. शिक्का, तारीख, सही. चार दिवसांनी चौकीतल्या साहेबांनी दादाला सांगितलं, "सोमवारी ये फक्त." लोकेशन बंद झालं. दादा त्या संध्याकाळी आईच्या उशाशी निवांत बसला होता.